पावसाच्या उघडिपींत तग धरणारी जमीन

ठाणें जिल्ह्यांत पावसाची वानवा आहे असें कोणी म्हणणार नाहीं. अंबरनाथ, बदलापूर व मुरबाड या बाजूस मृगापासून हस्तापर्यंत जो पाऊस पडतो तो ऐकून देशावरील शेतकऱ्यास नवल वाटावें; साधारण वर्षीं तो अडीच हजार मिलिमीटरांच्या, म्हणजे शंभर इंचांच्या, आसपास असतो. असें असतांही याच मुलुखांत पंधरा दिवस आभाळ उघडलें कीं वरकसावरील नाचणी माना टाकते, हस्ताचा पाऊस चुकला कीं गरव्या भाताचा दाणा पोचट राहतो, आणि भात कापल्यावर ओलीवर पेरलेला वाल फुलावर येण्यापूर्वींच पिवळा पडतो. शंभर इंच पावसाच्या प्रदेशांत पिकें तहानेनें मरावीं, हें कसें?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास बारवी धरणाचा परिसर फार सोईचा आहे. बारवी ही उल्हास नदीस मिळणारी लहान नदी. तिजवरील धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचें असून त्याचें पाणी नळांनीं कारखान्यांस आणि उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर यांसारख्या शहरांस जातें. धरणाची उंची टप्प्याटप्प्यानें वाढविण्यांत आली, आणि खोऱ्यांतील सखल जमिनी पाण्याखालीं गेल्या. काठावरील शेतकऱ्यास पाणी रोज डोळ्यांना दिसतें, पण हें धरण शेतीसाठीं बांधलेलें नसल्यामुळें त्याच्या शेतास आधार काय तो आकाशाचा व आपल्या मातीचा. आकाश आपल्या हातीं नाहीं. माती कांहीं अंशीं आपल्या हातीं आहे, आणि तिचाच विचार आम्ही या पाठांत करणार आहों. ज्या प्रचारक बंधूंस हा पाठ गांवच्या बैठकींत वाचून दाखवावयाचा असेल त्यांनीं तो दोन भागांत वाचावा व प्रत्येक भागानंतर शेतकऱ्यांस बोलूं द्यावें. कारण पुष्कळ गोष्टी त्यांस आमच्यापेक्षां अधिक ठाऊक आहेत.

१. ओल कोठें जाते?

शेतांत पडलेल्या पावसाच्या चार वाटा आहेत. कांहीं पाणी वरूनच वाहून ओहोळास मिळतें. कांहीं जमिनींत मुरून मुळांच्याही खालीं निघून जातें. कांहीं उन्हानें व वाऱ्यानें उडून जातें. उरलेलें मातीच्या कणांमध्यें अडकून राहतें व तेंच पिकाच्या उपयोगीं पडतें. उतारावरील वरकस जमिनींत माती उथळ असते, खालीं लवकरच मुरूम लागतो, आणि आषाढांतील सरींचा मार बसून वरचा थर आवळला जातो. म्हणून तेथें पहिली वाट मोठी होते. खाचरास बांध असल्यामुळें पाणी थांबतें, पण खाचराची अडचण निराळी आहे. चिखलणीनें मातीचे रवे मोडून तिचा लगदा होतो व नांगराच्या तळाशीं घट्ट थर बसतो. भातास उभें पाणी हवें असतें म्हणून तो थर पावसाळ्यांत उपकारक ठरतो. परंतु पाऊस उघडला कीं तीच माती वाळून भेगाळते, आणि भातामागून येणाऱ्या वालाचीं मुळें त्या थरावर अडून राहतात.

आतां एक हिशेब पाहूं. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी पसरलें तर तें सुमारें ४,००० लिटर भरतें. उभें पीक भर उन्हाच्या दिवसांत रोज सरासरी चार ते पांच मिलिमीटर पाणी वापरतें. म्हणजे एकरीं १६,००० ते २०,००० लिटर. हे आंकडे ध्यानांत धरावे. पुढें जो जो उपाय सांगितला जाईल तो या मापानें मोजावयाचा आहे.

२. कुजलेल्या खतानें पाणी किती वाढतें?

शेणखतानें जमीन ओल धरते हें आपले वाडवडील सांगत आले व तें खरें आहे. मात्र अलीकडे या गोष्टीची फार फुगवून वर्णनें होतात. जमिनींत थोडें सेंद्रिय खत वाढलें कीं लाखों लिटर पाणी आपोआप सांठतें असें सांगणारे पुष्कळ आहेत. जगांतील अनेक देशांच्या मातींचीं मापें एकत्र करून २०१८ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसून आलें कीं, मातींत सेंद्रिय कर्बाचें प्रमाण शेंकडा एकानें वाढलें, तर दर दहा सेंटिमीटर खोलीस पिकाला मिळूं शकणारें पाणी सरासरी सव्वा मिलिमीटराहूनही किंचित् कमीच वाढतें. वरच्या पंधरा सेंटिमीटरांच्या थराचा हिशेब केला तर एकरीं सुमारें ७,००० लिटर होतात. पिकाची ही अर्ध्या दिवसाची देखील तहान नव्हे. आणि शेंकडा एक कर्ब वाढविणें ही कांहीं सोपी गोष्ट नाहीं. एकरभर जमिनीचा तेवढा थर सुमारें नऊ लाख किलो भरतो, म्हणून त्यांत नऊ हजार किलो कर्ब टिकून राहिला पाहिजे. आपल्या उष्ण व दमट हवेंत खत लवकर कुजून जातें, त्यामुळें एवढी वाढ होण्यास पुष्कळ वर्षें लागतात. वाळूसर जमिनींत लाभ थोडा अधिक होतो, चिकण जमिनींत कमी.

मग शेणखत घालणें व्यर्थ आहे काय? मुळींच नाहीं. त्याचा मोठा लाभ सांठवणुकींत नसून दुसऱ्या तीन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट अशी कीं, कुजलेल्या पदार्थानें व त्यावर जगणाऱ्या गांडुळांनीं मातीचे रवे बांधले जातात, आणि सरीचें पाणी वाहून जाण्याऐवजीं आंत शिरतें. उतारावर पन्नास मिलिमीटरांची सर आली व तींतील अर्धें पाणी वाहून गेलें, तर एकरीं एक लाख लिटर पाणी एका दिवसांत गेलें. तें थांबविणें हाच खरा सांठा. दुसरी गोष्ट, मऊ मातींत मूळ खोल जातें. मध्यम पोताच्या जमिनींत मूळ दहा सेंटिमीटर अधिक खोल गेलें तर त्यास दहा ते पंधरा मिलिमीटर नवें पाणी लाभतें. ही दोन ते तीन दिवसांची शिदोरी होय. तिसरी गोष्ट, वर पसरलेला पालापाचोळा उन्हाची झळ अडवितो व ओल उडूं देत नाहीं.

३. पुडींतील औषध

दुष्काळाची भीति दाखवून माल विकणारे गांवोगांव फिरतात. त्यांतील कांहीं माल खोटा नसतो, पण त्याचें माप शेतकऱ्यास सांगितलें जात नाहीं. उदाहरणार्थ, पाणी शोषून फुगणारी जेलची भुकटी. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें 'पुसा हायड्रोजेल' नांवाची अशी भुकटी तयार केली आहे. ती शुद्ध पाण्यांत आपल्या वजनाच्या साडेतीनशें पट पाणी शोषते असें सांगतात, आणि एकरीं एक ते दोन किलो घालण्याची शिफारस असते. दोन किलोंचा गुणाकार कोणीही करावा: सातशें लिटर. एका एकरावर हें पाणी मिलिमीटराचा पांचवा हिस्साही भरत नाहीं. दर पावसागणिक ती भुकटी पुन्हां भरते हें खरें, व रोपवाटिकेंत किंवा एकेका झाडाच्या मुळाशीं तिचा उपयोग होऊं शकतो. परंतु एकरभर नाचणी तिच्या भरंवशावर पंधरा दिवसांची उघडीप काढील असें जो सांगतो त्याला त्याच्यासमोर हा हिशेब करावयास लावावा. ज्या घरीं बियाण्याचे पैसे उसने आणावे लागतात त्या घरचे दोन हजार रुपये अशा मालांत गेले तर पुढील पेरणीच खुंटते.

जिप्समचेंही तसेंच आहे. तें चोपण, म्हणजे सोडियम साचून बिघडलेल्या, जमिनीचें औषध आहे. बारवीकडच्या डोंगरउतारावर पावसानें क्षार धुऊनच जातात. तेथें त्याचें कांहीं काम नाहीं. उलट चुन्याचा अंश धुपून गेल्यामुळें उंचवट्यावरील जमीन आंबट होते. मातीपरीक्षेंत सामू सहाच्या खालीं आला तर नाचणी व वाल यांच्या जमिनीस चुना उपयोगी पडतो, कारण आंबट मातींत मुळें खुंटतात आणि खुंटलेल्या मुळांस ओल असूनही मिळत नाहीं. किती चुना, हें परीक्षेवरूनच ठरवावें. खाचरांत मात्र पाणी सांचल्यावर सामू आपोआप सुधारतो, म्हणून भातास चुन्याची निकड सहसा नसते. चुना व ताजें शेणखत एकाच वेळीं मिसळूं नये. त्यानें खतांतील नत्र वायुरूपानें उडून जातें. २०१५ सालापासून केंद्र सरकारनें मृदा आरोग्य पत्रिका देण्याची योजना सुरू केली आहे, तिचा लाभ घ्यावा.

४. राबाचा प्रश्न

कोंकणांत दाढ भाजण्याची चाल जुनी आहे. पालापाचोळा, कवळें, गवत व शेण दाढीवर पसरून जाळावयाचें, आणि त्या राबांत आवण वाढवावयाचें. १८८५ सालीं मुंबई सरकारनें ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांसाठीं जो आयोग नेमला त्यापुढें हाच राबाचा प्रश्न मोठा होऊन बसला होता. राब ही अडाण्यांची चाल म्हणून हिणविणें बरोबर नाहीं. आगीनें तणाचें बी व कीड मरते, आणि राखेंतून पालाश व चुना मिळून रोपें जोमदार होतात. दोष इतकाच कीं, जो पाला कुजून मातीस बांधूं शकला असता त्यांतील कर्ब व नत्र धुरावाटे निघून जातें, आणि दाढीच्या चार गुंठ्यांसाठीं सगळ्या शेताचें खत खर्ची पडतें.

यावर कोंकणांतच एक तोडगा निघाला आहे. डॉ. ना. कृ. सावंत यांनीं मांडलेली चारसूत्री भातशेती कृषि खात्यानें पुष्कळ ठिकाणीं शिकविली. तींतील पहिलीं दोन सूत्रें आपल्या विषयाचीं आहेत. दाढीवर पाला जाळण्याऐवजीं भाताच्या तुसाची काळी राख दर चौरस मीटरास अर्धा ते एक किलो मातींत मिसळावी. तिच्यांतील सिलिका रोपाचा कणा मजबूत करते. आणि खाचरांत पेंढ्याचा कांहीं भाग गाडून, लावणीपूर्वीं सुमारें आठवडाभर अगोदर गिरिपुष्पाचा हिरवा पाला हेक्टरीं तीन टन, म्हणजे दर गुंठ्यास सुमारें तीस किलो, चिखलांत तुडवावा. या दोहोंची जोडी मुद्दाम सांगितली आहे. नुसता पेंढा गाडला तर तो कुजतांना जमिनींतील नत्र कांहीं काळ अडकवून ठेवतो व भात पिवळें पडतें. हिरव्या पाल्याचें नत्र ती उणीव भरून काढतें.

गिरिपुष्प मूळचें मध्य अमेरिकेंतलें. कोंकणांत त्यास उंदीरमारी असेंही म्हणतात. फांद्या तोडून पावसाच्या आरंभीं बांधावर रोंवल्या कीं त्या जीव धरतात. बाजारांतून कांहीं आणावयाचें नाहीं, जंगलांतून तोडावयाचें नाहीं, आणि गुरें त्याच्या ओल्या पाल्यास फारसें तोंड लावीत नाहींत. ज्याच्या घरीं गुरें उरलीं नाहींत त्या शेतकऱ्यास हा बांधावरचा उकिरडाच समजावा.

५. ढीग, गाळ आणि एक इशारा

सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें केरकचऱ्यापासून कंपोस्ट करण्याची रीत बसविली व यशवंत वाड यांच्यासह १९३१ सालीं ती पुस्तकरूपानें मांडली. तिचें मर्म असें: वाळका पाला, हिरवा पाला, शेण, गोठ्यांतील मूत्र मुरलेली माती व थोडी राख यांचे थर देऊन ढीग रचावा, तो पिळलेल्या फडक्याइतका ओला असावा, व त्यास हवा मिळावी म्हणून दोन-तीन वेळां उलथापालथ करावी. सुमारें तीन महिन्यांत खत होतें. आपल्याकडे पावसाळ्यांत खड्डा उपयोगाचा नाहीं, कारण तो पाण्यानें भरून खत सडतें व सत्त्व धुऊन जातें. उंचवट्यावर, झाडाच्या किंवा छपराच्या आडोशास ढीग करावा.

तळ्यांतील गाळ शेतांत नेणें हीही जुनीच रीत. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत, नदीनाल्यांतील व तळ्यांतील गाळ शेतकऱ्यांस पूर्वींप्रमाणें फुकट नेऊं द्यावा व जागोजाग बंधारे घालून पाणी शेतांत मुरवावें, असें सरकारास सुचविलें होतें. पुढें २०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली. गाळ मुरमाड, हलक्या वरकसास मानवतो, कारण बारीक चिकण कण पाणी धरतात. आधींच भारी असलेल्या खाचरांत तो घालणें म्हणजे दुखण्यांत भर होय. गाळ उन्हाळ्यांत पसरावा, पातळ थर द्यावा, व उतारास ताल घातल्याशिवाय घालूं नये. नाहींतर पहिल्याच पावसांत तो परत ओहोळांत जाईल. गांवतळ्यांतील गाळ परवानगीनें काढावा. पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या जलाशयांत कोणी परस्पर खणूं नये.

आतां इशारा. अंबरनाथ व उल्हासनगर यांच्यामधून वाहणारी वालधुनी नदी कारखान्यांच्या व शहराच्या सांडपाण्यानें दूषित झाली आहे हें सर्वश्रुत आहे. २०१४ सालीं तींत रसायन सोडल्यामुळें उठलेल्या विषारी वायूनें उल्हासनगरांत शेंकडों लोकांस त्रास झाला होता. अशा नदीनाल्याचा काळाभोर गाळ दिसावयास सुपीक दिसतो, आणि फुकट मिळतो. तो शेतांत नेऊं नये. शेणाची घाण कुजून खत होते, पण शिसें, क्रोमियम यांसारखे धातू कुजत नाहींत. एकदां मातींत मिसळले कीं ते नातवंडांच्या काळींही तेथेंच असतात व भाजीतून पोटांत जाऊं शकतात. शहरच्या कचऱ्याचें खत घ्यावयाचें असेल तर त्यांत कांच, प्लास्टिक आहे काय तें पाहावें, आणि तपासणीचा दाखला मागावा. दाखला नसेल तर तें खत नको.

६. नांगर कमी, मूळ अधिक

बदलापुरापासून फार दूर नाहीं अशा नेरळ येथें, उल्हास नदीच्याच खोऱ्यांत, श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं आपल्या सगुणा बागेंत एक निराळी भातपद्धति रूढ केली आहे. तिला सगुणा भात तंत्र म्हणतात. गादीवाफे एकदांच करावयाचे, त्यांवर सांच्यानें भोंकें पाडून बी टोंकावयाचें, चिखलणी व लावणी करावयाची नाहीं, आणि कापणीनंतर मुळें उपटावयाचीं किंवा नांगरावयाचीं नाहींत. तीं जागच्या जागीं कुजतात, त्यांच्या पोकळ वाटांनीं पाणी व हवा आंत जाते, गांडुळें वाढतात, आणि भातामागून त्याच वाफ्यांवर वाल, हरभरा असें पीक घेतां येतें. म्हणजे बाहेरून आणून घालावयाचें खत येथें पीक स्वतःच पिकवितें. या रीतीस तणनाशक लागतें, ही तिची अडचण आहे. तें माप सोडून, उघड्या हातांनीं किंवा ओहोळाच्या कांठीं वापरणें धोक्याचें आहे. ज्यास हें तंत्र करावयाचें असेल त्यानें प्रथम एखाद्या करणाऱ्याचें शेत प्रत्यक्ष पाहावें, व पहिल्या वर्षीं दोन-तीन गुंठ्यांवरच करावें.

७. एका वर्षाचें काम

अंजिराच्या झाडाचा दृष्टांत आमच्या वाचकांस परिचित आहे. निष्फळ झाड तोडूं पाहणाऱ्या धन्यापाशीं माळ्यानें एका वर्षाची मुदत मागितली, ती भोंवतीं खणून खत घालण्यासाठीं. आम्हीही आपल्या वाचकांपाशीं एका वर्षाचेंच काम मागतों.

शेताचा एक गुंठा मोजून घ्यावा. त्यांत वर सांगितलेल्यांपैकीं आपणांस साधेल तो उपाय करावा: खाचर असल्यास गिरिपुष्प व पेंढा, वरकस असल्यास कंपोस्ट व आडवे ताल, वालाचें शेत असल्यास ओळींमध्यें पाल्याचें आच्छादन. शेजारचा गुंठा नेहमींप्रमाणें ठेवावा. दोहोंचें उत्पन्न निरनिराळें मोजून वहींत लिहावें. माती सुधारली कीं नाहीं हें पाहण्यास दोन सोप्या परीक्षा आहेत. दोन्ही गुंठ्यांतील वाळलेलें एकेक ढेकूळ पाण्याच्या पेल्यांत अलगद सोडावें. जें लागलेंच विरून लगदा होतें ती माती दुबळी, जें बराच वेळ टिकतें ती बांधलेली. दुसरी परीक्षा: दोन्ही तोंडें उघडीं असलेला डबा चार बोटें जमिनींत ठोकून त्यांत तांब्याभर पाणी ओतावें, व तें मुरण्यास किती वेळ लागतो तें पाहावें. वेळ जितका कमी होत जाईल तितकी सर तुमच्या शेतांत अधिक मुरेल. ही दुसरी परीक्षा वरकसावर करावी, चिखलणीच्या खाचरांत नको.

पहिल्या वर्षीं फरक थोडा दिसेल, व कदाचित् दिसणारही नाहीं. कोणताही उपाय कडक दुष्काळास पुरा पडत नाहीं. १९७२ सालासारखें वर्ष आलें तर चांगल्या मातीचेंही पीक बुडेल. परंतु आपल्या मुलुखांत वारंवार येतें तें आठ-पंधरा दिवसांच्या उघडिपीचें संकट, आणि त्यांत चार दिवस अधिक तग धरणारें शेत पुष्कळदां पुढील पाऊस गांठतें. त्या चार दिवसांवर घरांतलें वर्षाचें भात अवलंबून असतें. आणि तें हातचें गेलें कीं घरांतील तरुण अंबरनाथच्या कारखान्याची वाट धरतात.

बैठकींत विचारण्याचे प्रश्न

१. आपल्या शेतांतील पाणी चार वाटांपैकीं कोणत्या वाटेनें अधिक जातें, व तें आपण कशावरून ओळखलें?

२. दोन किलो जेलची भुकटी एकरभर पिकास किती दिवस पुरेल? हिशेब करून सांगा.

३. आपल्या गांवांत दरवर्षीं किती पाला, पेंढा व तूस जाळला किंवा विकला जातो? त्यांतील किती शेतास परत देतां येईल?

४. आपल्या गांवाजवळ गाळ काढण्याजोगें तळें कोणतें, आणि कोणत्या नाल्याचा गाळ कधींही घेऊं नये?

५. येत्या मृगापूर्वीं कोणाच्या बांधावर गिरिपुष्पाच्या किती फांद्या लागतील? नांवें लिहून घ्यावीं, व पुढील वर्षीं याच बैठकींत त्यांच्याकडून वहीं मागवाव्या.